आजोबा तेवढे शार्प आले

आमच्या गावच्या घरी गणपतीच्या आरतीला दिवे मालवतात. ही पद्धत काकांनी कधी सुरू केली ते आता कुणाला आठवत नाही, पण झांजा हातात आल्या की कुणीतरी उठून ओटीवरची ट्यूब आणि माजघरातला बल्ब घालवतं. मग उरतात दोन समया, तबकातलं निरांजन आणि भिंतीवरच्या आजोबांच्या, म्हणजे काकांच्या अप्पांच्या, फोटोला लावलेला लाल झीरोचा बल्ब. तो बारा महिने चालू. (काका म्हणतात, आजोबांना अंधार आवडत नसे. माझे वडील म्हणतात, आजोबांना वीजबिल आवडत नसे. दोघा भावांत एवढाच एक वाद शिल्लक आहे, बाकीचे कोर्टाने मिटवले.)

दृश्य फार देखणं असतं, पण मोबाईलला ते झेपत नाही. मोबाईल रात्रीचा दिवस करतो, समईचा पिवळेपणा पुसून टाकतो आणि घरातली सगळी माणसं पेढ्यासारखी गुळगुळीत करून ठेवतो. म्हणून मी ठरवलं, कॅमेराच घ्यायचा. फुल फ्रेमची किंमत बायकोला सांगितली. ती काही बोलली नाही, फक्त तिने सिंकखालच्या गळक्या पाइपाकडे पाहिलं. मी मुकाट्याने क्रॉप सेन्सरवर आलो.

क्रॉप म्हणजे काय, हे पुढचे तीन महिने मी ज्याला त्याला, त्याने न विचारता समजावलं. फुल फ्रेमचा सेन्सर, म्हणजे आतली प्रकाश झेलणारी चिप, ३६ बाय २४ मिलिमीटर, ही पोळी. क्रॉपचा साधारण २३.५ बाय १५.६, हा फुलका. क्षेत्रफळ निम्म्याहून कमी, त्यामुळे तेवढ्याच अंधारात याच्या वाट्याला येणारा प्रकाशही निम्म्याहून कमी. त्यातही सोनी, निकॉन, फुजी यांचा क्रॉप दीडपट (फुल फ्रेम त्याच्या दीडपट रुंद) आणि कॅननचा १.६ पट, म्हणजे कॅननचा सेन्सर रुंदीत आणखी मिलिमीटरभर लहान. आम्ही कोकणातले. बांध वीतभर सरकला तर आमच्याकडे मोजणी मागवतात. तो मिलिमीटर मला रात्री झोपू देईना.

मी एक्सेल उघडलं. सोनीचा ए६७००, कॅननचे आर१० आणि आर७, निकॉनचा झेड५०, फुजीचा एक्स-एस२०. रकाने वाढत वाढत स्क्रीनबाहेर गेले. पण माझा लाडका रकाना एकच : ‘किती अंधारात फोकस होतो’. हे ईव्ही नावाच्या मापात मोजतात आणि आकडा उणे असतो. जितका जास्त उणे, तितका कॅमेरा अंधारात धीट. ए६७०० उणे तीन. आर१० उणे चार. आर७ उणे पाच! उणे आकडा मोठा दिसला म्हणून उकळ्या फुटाव्यात, असा प्रसंग पासबुक हातात घेतल्यापासून माझ्यावर कधी आला नव्हता. पौर्णिमेचं चांदणं उणे दोन-तीनच्या घरात असतं म्हणे. म्हणजे समई तर यांच्यापुढे भर दुपार.

आकड्यांच्या डोक्यावर तळटीपेच्या बारीक चांदण्याही (*) होत्या. चांदण्या मी पाहिल्या, त्यांच्या नावाने पानाच्या तळाशी काय लिहिलंय ते नाही पाहिलं.

‘‘भाऊजी, बॉडी कुठलीही घ्या, पैसे लेन्समध्ये घाला,’’ असं मेव्हणा म्हणाला होता. सल्ला बरोबर होता, पण तो मेव्हण्याचा होता.

मग एका शनिवारी फोर्टातला बोरा बाजार गाठला. कॅमेऱ्याच्या दुकानात कुठलाही कॅमेरा नापास होत नाही. डोक्यावर आठ ट्यूब, समोर काचेचं कपाट, आणि सेल्समन अगदी पुतळ्यासारखा उभा. कॅमेरा त्याच्यावर रोखला की त्याच्या डोळ्याभोवती चटकन चौकट, की ‘बीप’! डावा डोळा म्हटलं तर डावा, उजवा म्हटलं तर उजवा. मेनूमध्ये ‘व्यक्ती, प्राणी, वाहन’ अशी निवड होती. सेल्समन म्हणाला, ‘‘सर, उडता पक्षीसुद्धा सोडत नाही.’’ आमच्या आरतीत कुणी उडत नाही, त्यामुळे मी निर्धास्त झालो. किट लेन्सवाला, म्हणजे खोक्यातच साधी लेन्स येते तो, एक उचलला. कोणता ते सांगत नाही. दोष त्याचा नव्हताच.

आता आरतीची रात्र. कोकणातली आरती पाच मिनिटांत उरकत नाही, त्यामुळे प्रयोगाला तासभर होता. दिवे गेले. मी सोप्याच्या खांबाला टेकून कॅमेरा डोळ्याला लावला. पहिला घोळ गणपतीपासूनच. विषय ओळखण्याची निवड मी कॅमेऱ्यावरच सोपवली होती. त्याने मूर्तीकडे पाहिलं आणि चौकट एकदा डोळ्यांवर आली, एकदा सोंडेवर गेली, मग नाहीशी झाली. व्यक्ती म्हणावं की प्राणी, या प्रश्नावर तो जो अडला तो अडलाच. मी मेनूत जाऊन ‘प्राणी’ केलं, कारण तो प्रश्न माझ्याच्याने सुटण्यासारखा नव्हता. चौकट सटकन वर गेली. वाशावर मांजर बसलं होतं.

परत ‘व्यक्ती’. आता काकूवर रोखला. लेन्स आतल्या आत सरकायला लागली. काका आमच्या अंगणात गाडी लावतात तशी : पुढे घेतात, मागे घेतात, पुन्हा पुढे, आणि शेवटी होती तिथेच उभी. कारण साधं आहे. फोकस धरण्यासाठी सेन्सरवरचे बिंदू लेन्सच्या दोन बाजूंनी आलेली दोन चित्रं जुळवून बघतात, आणि जुळवायला काहीतरी ठसठशीत लागतं : कडा, रेघ, काळ्याला लागून पांढरं. समईच्या उजेडात काकूचा गाल म्हणजे नुसता गाल. त्यात रेघ कुठली असणार? तेवढ्यात कॅमेऱ्याने मदतीचा म्हणून स्वतःचा नारिंगी दिवा लावला. तो नेमका काकांच्या डोळ्यांत. काकांनी आरतीची ओळ न सोडता, त्याच चालीत, ‘‘बंद कर ते’’ असं बसवून म्हटलं. मागच्या दोघांनी ते कोरसमध्ये उचललं.

आणि मग झाली ‘बीप’. मी खूश. पुन्हा बीप, पुन्हा बीप. हिरवी चौकट घट्ट बसली होती. कुठे, ते पाहायचं भान नव्हतं. शेवटी सगळे स्वतःभोवती गोल फिरले तोवर मी ३४० फोटो काढले होते.

दुसऱ्या दिवशी चहाला लॅपटॉप ओटीवर आणला. घरातले बावीस जण दाटीवाटीने बसले. पहिला फोटो : समोर काकांच्या जागी एक पिवळा धूर, शेजारी काकूंचा धूर, झांजांच्या जागी चार-चार झांजा. आणि मागे भिंतीवर, चौकटीत, टोपी घातलेले आजोबा. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. दुसरा फोटो : धूर, धूर, आजोबा. तिसरा तसाच. कॅमेऱ्याला डोळे हवे होते. काळ्यापांढऱ्या फोटोतले, काजळ घातल्यासारखे ठळक, वितीवर झीरोचा बल्ब असलेले डोळे त्याला सापडले, आणि त्याने ते तासभर सोडले नाहीत. शिवाय शटर पडलं होतं १/१५ सेकंदाला. तेवढ्या वेळात टाळी पुरी होते, मान डोलते, पोर एका मांडीवरून दुसरीवर जातं. अख्ख्या कुटुंबात न हलणारे तेवढे आजोबाच.

आयएसओ, म्हणजे कमी उजेडात चित्र उजळून घ्यायचा आकडा, ६४०० होता. तो वाढला की फोटोत दाणे येतात, त्यालाच नॉइज म्हणतात. काकू स्क्रीनजवळ येऊन म्हणाल्या, ‘‘मी रव्याच्या लाडवासारखी का दिसत्ये?’’ नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधून फोटो घातला, तर रवा गेला आणि त्याबरोबर काकांच्या भुवयाही गेल्या.

विसर्जन झालं, माणसं पांगली, तेव्हा मी त्या चांदण्यांच्या खालचं वाचलं. कॅननचा उणे आकडा एफ १.२ ची लेन्स लावून मोजलेला. (एफ म्हणजे लेन्सच्या भोकाचं माप; आकडा लहान तेवढं भोक मोठं.) सोनीचा एफ २ ची लावून. म्हणजे एकाने चौरंगावर उभं राहून उंची दिली होती, दुसऱ्याने पाटावर. दोन्ही लेन्समध्ये जवळजवळ दीड स्टॉपचा फरक. (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश, ईव्हीचा एक आकडा.) तो वजा केला तर आर१०, ए६७०० आणि आर७ अर्ध्या-अर्ध्या स्टॉपच्या अंतराने ओळीत उभे राहतात. ज्याच्यापायी मी तीन महिने जागलो तो फरक तेवढाच. आणि माझी किट लेन्स? झूम केल्यावर एफ ६.३. मी जमिनीवरही नव्हतो, विहिरीत उभा होतो.

मेव्हण्याला फोन केला नाही. गुपचूप ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स मागवली. ती बारा पट प्रकाश आत घेते. हिशोब करून पाहिला : तीच समई, तोच आयएसओ, आणि शटर १/१५ वरून जवळपास १/१८० ला. एक्सेल डिलीट केलं.

दरम्यान काकांचा फोन आला. आजोबांच्या मूळ फोटोला कसर लागली होती, तेव्हा ‘तुझ्या मशिनीतला’ एक मोठा करून पाठव. लाल बल्बामुळे आजोबा डाळिंबी आले होते; काळेपांढरे केले, आजूबाजूचे सगळे नातेवाईक कापले आणि बारा बाय अठराचा प्रिंट धाडला. जुनी चौकट उतरून नवी लागली, त्याच खिळ्याला, त्याच बल्बाखाली.

यंदा पूर्ण तयारीने गेलो. डोळे ओळखणं बंद, फोकसचा एकच बारीक बिंदू, तो माझ्या अंगठ्याखाली, नारिंगी दिव्याला सुट्टी. बिंदू काकूच्या डोळ्याच्या कडेवर ठेवला, जिथे समईचा एक ठिपका चमकत होता. लेन्स एकदा थरथरली आणि बसली. बीप. काकांची झांज हवेत थांबली, तबकातली ज्योत ज्योतीसारखी आली. मांजराकडे मी पाहिलंच नाही.

सकाळी पुन्हा ओटी, पुन्हा चहा. मी फोटो लावला आणि मागे सरकून बसलो. काकूंनी चष्मा घातला, बराच वेळ पाहिलं.

‘‘सुरकुत्या केवढ्या दिसतायत रे. गेल्या वर्षीचा बरा होता.’’

काका पुढे झाले. एफ १.८ ला तीन मीटरवर फोकस धरला तर वीतभर जाडीचा पट्टा तेवढा स्पष्ट येतो. त्या विती‌त काकू होत्या, अर्धे काका होते, झांज होती. भिंत नव्हती. काकांनी स्क्रीनवर बोट टेकवलं, डाग पडेल असं.

‘‘आणि अप्पा का असे धुरकट?’’