अहवाल परत गल्लीत आला पाहिजे

गेल्या हिवाळ्यात मी सहा दिवस दुभाषाचं काम केलं. परदेशातल्या एका विद्यापीठाचा अभ्यासगट इंदूरला आला होता. विषय होता शहरातलं पाणी, स्वच्छता आणि शाश्वत विकास. गटात चार तरुण मुलं-मुली, सगळी मनापासून काम करणारी, सकाळी आठला तयार होऊन उभी. त्यांना हिंदी येत नव्हती, मराठीचा तर प्रश्नच नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने माझं नाव सुचवलं. मी एकतीस वर्षं महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलं आणि विकासाच्या अर्थशास्त्राचा पेपर बहुतेक वर्षं माझ्याकडेच असायचा, म्हणून मी लगेच हो म्हटलं. त्या सहा दिवसांत जे पाहिलं ते अजून मनातून जात नाही. जरा सविस्तर लिहिते आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

प्रश्नावलीत पाण्याचा एक रकाना होता: पाणी आणायला रांगेसकट, जाऊन-येऊन किती मिनिटं लागतात? हा प्रश्न त्या मुलांच्या मनचा नव्हता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून १९९० पासून जगभरातल्या पिण्याच्या पाण्याची मोजदाद करतात. त्यांच्या व्याख्येनुसार चांगल्या स्रोताचं पाणी तीस मिनिटांच्या आत आणता येत असेल तर ती 'मूलभूत' सेवा. त्याच्या वरच्या पायरीला पाणी घराच्या आवारात लागतं, गरजेच्या वेळी मिळावं लागतं आणि दूषित असून चालत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली जी १७ शाश्वत विकास ध्येयं ठरवली, त्यातल्या सहाव्या ध्येयात पिण्याच्या पाण्यासाठी ही वरची पायरी मोजतात. व्याख्या विचार करून केलेली आहे. मी ती वर्गात आवडीने शिकवत असे.

एका वस्तीत बुलढाण्याकडची एक बाई भेटली. चार घरची धुणीभांडी करते. मी मराठीत बोलल्यावर तिचा चेहरा खुलला. पाणी आणायला किती वेळ लागतो, असं विचारलं तर म्हणाली, "आणायला कुठं जाऊ ताई, नळ घरातच हाय." मी इंग्रजीत सांगितलं, मुलाने टॅबवर शून्य लिहिलं. पुढचा प्रश्न होता: गेल्या महिन्यात कधी पाणी कमी पडलं का? "नाही," ती म्हणाली, "मी पडूच देत नाही." मुलाने 'नाही'वर टिचकी मारली.

ती मात्र बोलतच राहिली. नळ एक दिवसाआड येतो. त्यांच्या गल्लीत येतो तो रात्री, कधी साडेबाराला, कधी दोनला. धार बारीक. नवरा चौकीदार, म्हणजे रात्री घरी नाही. पोरं लहान. म्हणून ही जागी राहते. पिंप, हंडे, बादल्या भरायला तास-दीड तास जातो आणि सकाळी सहाला पहिल्या घरी पोचायचं असतं. मी हे सगळं शब्दाला शब्द सांगितलं. गटातली मुलगी लक्ष देऊन ऐकत होती, तिने ते लिहायचाही प्रयत्न केला. टॅबवर 'इतर' नावाचा एक चौकोन होता. त्यात एक ओळ मावत होती.

मला जे म्हणायचं आहे ते त्या चौकोनाशी सुरू होतं. पाणी आवारात आहे, कमी पडत नाही, ही दोन्ही उत्तरं खरी आहेत. पण ती खरी राहावीत म्हणून एक बाई एक दिवसाआड झोप मोडते. आकडा चांगला दिसतो तो तिच्या जागरणावर. आणि जागरणाचा रकानाच नाही.

मी संशोधनाच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट सांगते. उलट 'हे सगळे परदेशी अहवाल म्हणजे थोतांड' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. १९९० साली अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी संयुक्त राष्ट्रांसाठी पहिला मानव विकास अहवाल काढला, अमर्त्य सेन त्यांच्यासोबत होते. तोपर्यंत देश म्हणजे त्याचं दरडोई उत्पन्न, एवढंच चालत असे. त्यांनी उत्पन्नाच्या शेजारी आयुर्मान आणि शिक्षण आणून बसवलं. साधा निर्देशांक, बारावीच्या मुलाला दहा मिनिटांत समजतो, आणि जगभरच्या सरकारांना त्याची दखल घ्यावी लागली. चांगलं मोजमाप केवढं काम करू शकतं ते मी त्यातून शिकले. म्हणूनच अपुरं मोजमाप मला सहन होत नाही.

'शाश्वत विकास' हा शब्दही जरा बघू या. शाश्वत म्हटलं की आपल्याला कीर्तनातलं काहीतरी आठवतं. आपल्या घरांतला खरा शब्द 'पुरवून वापरणं'. आजी डब्यातलं तूप पुरवून वापरायची, कारण पुढच्या महिन्यातही माणसं जेवणारच होती. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुंटलंड आयोगाने १९८७ साली जवळजवळ तेच म्हटलं: पुढच्या पिढ्यांना आपल्या गरजा भागवता येतील ही शक्यता न बिघडवता आजच्या गरजा भागवायच्या. हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या लगेच पुढचं सहसा कुणी सांगत नाही. गरजा म्हणजे विशेष करून जगातल्या गरिबांच्या अत्यावश्यक गरजा, आणि त्यांना सर्वांत वरचं स्थान द्यायचं, हे त्याच व्याख्येत लिहिलेलं आहे. मी वर्गात हा दुसरा भाग मुद्दाम फळ्यावर लिहून घ्यायची.

आता इंदूरबद्दल, कारण आपल्या गावाने दुसऱ्या तऱ्हेचं संशोधनही पाहिलेलं आहे. १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ इथे आले. बिहारमधल्या पुसाच्या सरकारी शेती संशोधन संस्थेत त्यांनी बरीच वर्षं काढली होती, पण गहू एका खात्यात, माती दुसऱ्या खात्यात, रोग तिसऱ्या खात्यात अशा वाटणीला ते कंटाळले होते. होळकर दरबाराने जमीन दिली, कापूस समितीने पैसे दिले आणि त्यांनी इथे संस्था उभारली. गॅब्रिएल, त्यांची पत्नी, स्वतः मोठी वनस्पतिशास्त्रज्ञ, कामात बरोबरीने होती. हॉवर्ड माळव्याच्या शेतकऱ्याला अडाणी समजले नाहीत. त्याची अडचण काय आहे ते त्यांनी आधी पाहिलं. शेण चुलीत जातं, मग खत कशाचं करणार? म्हणून त्यांनी काडीकचरा, तण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, राख आणि थोडंसंच शेण यांचे थर रचले. कापसाच्या आणि तुरीच्या पळकाट्या कुजत नाहीत, तर त्या शेतरस्त्यावर अंथरल्या, की बैलगाड्यांच्या चाकांखाली आपोआप चुरा होतो. यंत्र नाही, खर्च नाही. ढीग तीनदा पालटायचा, तीन महिन्यांत खत तयार. १९३१ साली याचं पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्डांच्या नावाशेजारी यशवंत वाड हे नाव आहे. वाड त्यांचे संस्थेतले सहकारी, रसायनाचं काम बघणारे. केनियातल्या कॉफीच्या मळ्यांपासून सिलोनच्या चहाबागांपर्यंत ही पद्धत गेली आणि जगभर तिचं नाव 'इंदूर पद्धत' असंच राहिलं. माझे सासरे कृषी महाविद्यालयात होते. आमच्या राजेंद्र नगरच्या घरामागे त्यांनी केलेला खड्डा अजून आहे, आणि त्याची पालटणी आता माझ्याकडे आहे.

त्याच्याही आधी, १९१७ साली, पॅट्रिक गेडीस नगररचनेचा अहवाल करायला आले होते. तेव्हा इथे प्लेगची दहशत होती. गेडीस गल्ल्यागल्ल्यांतून पायी हिंडले. त्यांनी दरबाराकडून दिवाळीची मिरवणूक आपल्या हाती घेतली आणि जाहीर केलं की मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही, ज्या रस्त्यांवर लोकांनी घरं सर्वांत जास्त साफ केली असतील तिथून जाईल. लोक कामाला लागले, कचरा गाड्या भरभरून बाहेर गेला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती आणि नव्या पांढऱ्या कपड्यांतले सफाई कामगार रंगवलेल्या गाड्यांसह मानाने चालत होते. अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत छापून आला. पण त्यातलं मुख्य सांगणं त्याआधीच शहराने रस्त्यावर पाहिलं होतं, तेही दिवाळीच्या भाषेत.

२०१७ पासून आपण स्वच्छ शहर म्हणून मिरवतो आहोत. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प १९ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाला, रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची क्षमता, त्यातून वायू आणि दिवसाला सुमारे १०० टन खत. हॉवर्ड आणि वाड यांच्या गावात हे होणं मला फार योग्य वाटतं. पण बाहेरून अभ्यासाला येणारे प्रकल्पाचे टन विचारतात. घराघरांतून कचरा वेगळा होऊन यायला लागला तो कोणाच्या किती सांगण्याने, कोणाच्या किती फेऱ्यांनी, हे विचारणारा मला त्या सहा दिवसांत तरी दिसला नाही.

पाण्याचंही तसंच. १९७० च्या आंदोलनानंतर इंदूरला नर्मदा मिळाली, आणि १९७८ साली नर्मदाकाठच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, घाट चढवून पाणी आलं. मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्या वाड्यात नळाला हळदकुंकू वाहिलं होतं. पाणी एवढं वर चढवायचं तर विजेचं बिल डोळे पांढरे करणारं. म्हणून २०२३ च्या फेब्रुवारीत महापालिकेने हरित रोख्यांतून २४४ कोटी रुपये उभे केले, जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प करायला. सामान्य माणसालाही ते रोखे घेता येत होते, व्याज सव्वाआठ टक्के. जगभरच्या धोरण अभ्यासकांनी याचं कौतुक केलं तर ते योग्यच आहे. फक्त त्याच पाइपच्या शेवटच्या टोकाला रात्री दोन वाजता कोण बसलेलं असतं, तेही त्याच अहवालात यायला हवं.

आणि नर्मदेचं नाव निघालं की निमाडात, नर्मदेजवळच्या बडवानीला राहणारी माझी मावशी आठवतेच. १९८५ साली जागतिक बँकेने नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले. कागदावर पुनर्वसन होतं. विरोध वाढल्यावर बँकेने १९९१ मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. ही माणसं खोऱ्यातल्या गावांत गेली, लोकांशी बोलली. जून १९९२ च्या त्यांच्या अहवालात स्पष्ट लिहिलं आहे की किती माणसं उठणार याचा नीट अभ्यासच आधी झाला नव्हता, आणि आहे त्या परिस्थितीत सर्वांचं पुनर्वसन शक्य नाही. बँकेने स्वतःच नेमलेल्या समितीने बँकेलाच मागे हटायला सांगितलं. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं, आणि त्याच वर्षी बँकेने बाधित लोकांच्या तक्रारींसाठी तपासणी पॅनेल स्थापन केलं. आज बँकेच्या पैशावरच्या प्रकल्पाची झळ पोचलेली माणसं, कुठल्याही देशातली असोत, एकत्र येऊन तिथे तक्रार करू शकतात, त्यात निमाडच्या माणसांचा वाटा आहे. मावशीच्या हातात मात्र त्या अहवालाचं एक पान कधी पडलं नाही. तिला निकाल कळला तो २०१७ साली, राजघाटाच्या पायऱ्यांवर पाणी चढलं तेव्हा.

म्हणून माझं मागणं एकच आहे. ज्याला प्रश्न विचारले, त्याच्याकडे उत्तर परत आलं पाहिजे, त्याच्या भाषेत, आणि अहवाल पक्का होण्याच्या आधी. इंग्रजी अहवाल सहा महिन्यांनी ईमेलने दुभाषाला पाठवणं म्हणजे परत येणं नव्हे. गल्लीत येऊन ओट्यावर बसून वाचून दाखवा. लोक म्हणतील, हे चुकलं, हे राहिलं. ते लिहून घ्या. खर्चाचं कारण मला पटत नाही. विमानाचं तिकीट निघतं, चकचकीत छपाई निघते, तर हिंदी-मराठीतली चार पानंही निघतील. आपल्याकडच्या विद्यापीठांनाही हेच लागू आहे, आणि मलाही. एकतीस वर्षांत किती विद्यार्थ्यांकडून मी सर्वेक्षणं करून घेतली. परत जाऊन वाचून दाखवा, असं एकालाही सांगितलं नाही. याची मला खंत आहे.

अहवाल मला जानेवारीत आला. त्या वस्तीपुढे पाण्याच्या रकान्यात हिरवा ठिपका होता. मी त्या भागाचं मराठी आणि हिंदी करून तीन पानं लिहिली आणि रविवारी दुपारी त्या बुलढाण्याकडच्या बाईकडे गेले. शेजारच्या सात-आठ जणी जमल्या. मी वाचलं. हिरव्या ठिपक्याचा अर्थ सांगितल्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग ती म्हणाली, "ताई, आमी येळ लिवून ठेवू का?" पाच घरांनी ठरवलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर नळ आला की वेळ टिपायची. जिला लिहिता येत नाही तिची मुलगी लिहिते.

परवा मी त्या पानांचे फोटो काढून गटातल्या त्या मुलीला पाठवले. तिचं लगेच उत्तर आलं, मूळ पानं बघायला मिळतील का, आणि पुन्हा गेलात तर मला फोनवर घ्याल का. बाईच्या घरच्या फेब्रुवारीच्या पानावर चौदा खुणा आहेत. त्यातल्या अकरा रात्री बारानंतरच्या.