औसा रोडला डोनट काढायचाय?

सोयाबीनचे पैसे खात्यावर पडले असतील आणि डोक्यात डोनटच्या दुकानाचं खूळ शिरलं असेल, तर अभिनंदन. लातूरला कमी आहे ती डोनटचीच. पाण्याचं काय, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलं होतं, परत येईल.

आधी गाळा. जिथं अगोदर तंदुरी चहा होता, मग रोल आइस्क्रीम, मग मोमो, असाच गाळा धरा. बोर्डाची लोखंडी फ्रेम आयती मिळते, नुसता फ्लेक्स बदलायचा. आधीचे कुठं गेले हे गाळामालकाला विचारू नका. दर वेळी नवं डिपॉझिट घेणारा तो बिचारा या सगळ्या फॅशनमध्ये एकटाच फायद्यात आहे.

भाव ठेवा १२० रुपये. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८, म्हणजे क्विंटलभर विकून ४४ डोनट, तेही हमीभाव खरंच हातात पडला तर. हा हिशोब मोंढ्यात बोलू नका.

घरी अण्णा विचारतील, "मधी भोक कशाला रे?" तळताना मधला भाग कच्चा राहू नये म्हणून, एवढंच खरं कारण. पण ते सांगितलंत की अण्णा म्हणणार, "मंग उडीदवडाच की!" आणि सगळं इंटिरियर तिथंच मातीत. त्यापेक्षा त्यांना न्यूयॉर्क सांगा. २०१३ मध्ये डॉमिनिक आन्सेल यांच्या बेकरीपुढं क्रोनटसाठी (क्रोसाँ आणि डोनटची भेसळ) लोक पहाटेपासून रांग लावत होते. अण्णांना रांग कळते, खतासाठी उभे राहिलेत ते.

उद्घाटन भाऊंच्या हस्तेच, आणि मे महिन्यातच. फ्लेक्सवर सगळ्या शुभेच्छुकांचे गॉगलवाले फोटो, कोपऱ्यात जागा उरली तर डोनट. भाऊ दोन तास उशिरा येतात. तेवढ्यात लाईट जाते. काचेआड साखरेचा थर घामाघूम होतो, चॉकलेट ओघळून ट्रेमध्ये उतरतं आणि रंगीत दाणे त्यात मेलेल्या मुंग्यांसारखे चिकटून बसतात. भाऊ त्यातलाच एक उचलतात, बोटं चाटतात, "मस्त" म्हणतात आणि गाडीत बसल्यावर पाणी मागतात.

मग रील. 'लातूरमध्ये पहिल्यांदाच' हे शब्द हवेतच, मागच्या गल्लीत दोन दुकानं असली तरी. ट्यूशन एरियातली पोरं लोटतील. पाच जणांत एक डोनट, त्याचे वरून, खालून, भोकातून फोटो, मग पाच तुकडे. गर्दी दिसते म्हणून लगेच नांदेडला दुसरी शाखा काढा. गल्ला मोजत बसलात तर हिंमत जाईल.

(धाराशिवच्या गुलाबजामचं उदाहरण कुणी दिलं तर दुर्लक्ष करा. रील नाही, रिबीन नाही, आणि लोक वाट वाकडी करून जातात. त्या धंद्यात खवा चांगला लागतो. आपल्याला एवढी कटकट कुठं?)

दिवाळीपर्यंत पोरं दुबई चॉकलेटकडं वळतील. घाबरू नका, त्याच डोनटवर पिस्त्याची हिरवी पेस्ट फासा आणि भाव १८० करा. तेही नाही चाललं तर वडापाव डोनट आहेच. नुसतं एक करा: डीप फ्रीजर घेतल्याची पावती जपून ठेवा. समोरच्या गल्लीत कोणीतरी बोबा टी काढायलाय, त्याला सेकंडहँड लागणारच आहे. आणि फ्लेक्सवाल्याची उधारी तेवढी आधी चुकती करा, बोबा टीचा बोर्डही त्यालाच छापायचाय.