फळ्या घासायला नकार दिला, त्याबद्दल

नमस्कार. तुमची तक्रार अशी: बेडरूममधल्या लाकडी फ्लोअरिंगच्या फळ्या वाकल्या म्हणून बोलावलं, तर आम्ही घासून सपाट करायला नकार दिला, ‘नुसतं पुसून’ पैसे घेतले आणि वर फिनेलवरून ज्ञान शिकवलं. एक स्टार. नकार दिला हे खरं आहे. भर पावसाळ्यात पुन्हा बोलावलंत तरी तेच सांगू.

वाकलेल्या फळ्या सगळ्या बाल्कनीकडच्या आहेत, कपाटाकडच्या रांगा सपाट आहेत. आमच्या कारागिराने बाल्कनीच्या स्लायडिंग दाराच्या ट्रॅकमध्ये बोट घालून तुम्हाला दाखवलं होतं: पाणी बाहेर जायची भोकं माती आणि कबुतराच्या पिसांनी गच्च बुजलेली. झड आली की ट्रॅक भरतो आणि पाणी आत, फळ्यांखाली उतरतं. वरच्या पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे पॉलिशचा पारदर्शक थर) कोटामुळे वरून काही कळत नाही, खालून मात्र लाकूड पाणी पीत राहतं. लाकूड लांबीला जवळपास वाढत नाही, रुंदीला फुगतं. खालची बाजू जास्त फुगली की कडा उचलतात आणि मध्ये खळगा पडतो. मीटरवर तिथली ओल १८ टक्के होती, कपाटापाशी ११.

अशात मशीन फिरवलं तर उचललेल्या कडाच घासल्या जातात. गणपतीला पाहुणे येतील तेव्हा जमीन छान सपाट दिसेल. दिवाळीनंतर लाकूड वाळेल, कडा खाली बसतील, पण त्या आता पातळ झालेल्या, म्हणजे प्रत्येक फळी मध्ये उंच. अख्खं सागवान असतं तर पुन्हा घासता आलं असतं. तुमचं इंजिनिअर्ड आहे: वर ओकचा ३ मिलिमीटरचा थर, खाली प्लाय. तो थर आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घासायचा. दुसरा कुणी कमी पैशात करून देतोय म्हणता, तर जरूर करून घ्या. फक्त त्याला आधी मीटर लावायला सांगा.

आता पैशांचं. फिनेल आणि त्यावर बाजारातलं शायनर, असा पांढुरका चिकट थर साचला होता, अनवाणी चाललं की पाऊल उमटायचं. तो थर खालचा कोट न दुखावता काढायला दोन माणसांची अख्खी दुपार गेली. बिल त्याचं आहे. तो थर तसाच ठेवून कुणी नवा कोट मारला असता तर पापुद्रे सुटले असते. फिनेलचा वास आल्याशिवाय घर पुसल्यासारखं वाटत नाही हे मान्य, आमच्या घरीही तीच तऱ्हा. पण आमच्याकडे शहाबादी आहे.

लाकूड वाळेपर्यंत ट्रॅकची भोकं मोकळी ठेवा आणि बाल्कनीच्या दारातलं रबरी पाठीचं पायपुसणं उचला, त्याखाली ओल दडून बसते. मावशींना मायक्रोफायबरचं फडकं घट्ट पिळून फिरवायला सांगा, स्टीम मॉप तर नकोच. दिवसा थोडा वेळ एसी ड्राय मोडवर चालवलात तर उत्तम. नोव्हेंबरअखेर मीटर घेऊन येतो, त्या फेरीचे पैसे नाहीत. दोन्हीकडचे आकडे जवळ आले असतील तरच घासायचं बोलू, आणि ज्या फळ्या आपोआप बसल्या असतील त्यांना हात लावणार नाही.