मिरची तिखट लागते म्हणून नोबेल? दादा, जरा थांब

आमच्या सांगलीच्या फॅमिली ग्रुपवर तोच फॉरवर्ड तिसऱ्यांदा आला. अमेरिकेतल्या एका शास्त्रज्ञाला 2021 चं नोबेल मिळालं, कशाबद्दल तर मिरची तिखट लागते हे शोधलं म्हणून, हे आमच्या आजीला शाळेत न जाता माहीत होतं, तिखट ही साधी चव आहे, मिरचीनं जीभ भाजते म्हणून पाणी प्यायचं, आणि एवढा पैसा घालून एक गोळी पण निघाली नाही. खाली 'पटलं तर पुढे पाठवा'. दादानं टाकलाय, वयानं मोठा, म्हणून दोनदा गप्प बसलो. आता लिहितोच.

पहिलं, नोबेल एकट्याला नव्हतं. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन, दोघांना मिळून, तापमान आणि स्पर्श ओळखणारे रिसेप्टर, म्हणजे नसांवरची बातमी टिपणारी दारं, शोधल्याबद्दल. पटापुटियननी दाब ओळखणारे शोधले, पण त्यात मिरची नाही ना, मग फॉरवर्डवाल्याच्या काय कामाचे.

आता आजीचं. मिरची तिखट असते हे आजीला माहीत होतं, शंभर टक्के. पण आमच्याकडं चटणी करायच्या दिवशी काय होतं ते आठव. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला, आई दुपारभर देठं खुडत बसते आणि मग सगळं डंकावर जातं. संध्याकाळी हात धुवायला कोमट पाणी दिलं की ओरडते, "उकळतं आणलंस काय रे!" मी हात घालून बघितलं, पाणी साधं कोमट. आजीचं पण तेच व्हायचं. पण मिरची लागलेल्या हाताला कोमट पाणी उकळतं का वाटतं, हे घरात कुणालाच सांगता आलं नाही, आणि नेमकं त्याचंच उत्तर ज्युलियसच्या लॅबनं 1997 ला दिलं.

त्यांनी केलं काय, तर वेदना ओळखणाऱ्या नसांमधले हजारो जीन घेतले, मिरचीशी काही देणंघेणं नसलेल्या पेशींत गटागटानं घातले, वर मिरचीतलं कॅप्सेसिन टाकलं आणि कुठली पेशी दचकते ते बघत बसले. एक सापडला. त्या जीनपासून बनणाऱ्या रिसेप्टरला आज टीआरपीव्ही1 म्हणतात. मग त्याच पेशींना नुसती उष्णता दिली, मिरची नाही काही नाही, तर साधारण 43 डिग्रीच्या पुढं त्या तशाच दचकल्या. म्हणजे मिरची आणि चटका एकाच दारानं आत येतात, आणि मिरचीनं ते दार आधीच किलकिलं केलं असेल तर कोमट पाणी पण चटक्यासारखं घुसतं. मिरची हे गळाला लावलेलं गांडूळ होतं रे, मासा वेगळाच होता.

तिखट ही चव? मग आईच्या हाताला काय जीभ आहे का? डोळ्याला हात लागला तर डोळ्याची आग होते, ती पण चवच काय? आयुर्वेदातल्या सहा रसांशी माझं भांडण नाही, ती मांडणी वेगळी, पण नसांच्या हिशोबात तिखट ही वेदना आहे. पोपट मिरची कराकरा खातो तो लई धाडसी म्हणून नाही, पक्ष्यांच्या ह्या रिसेप्टरला कॅप्सेसिन जवळजवळ कळतच नाही.

जीभ भाजते वगैरे पण खोटं, जेवणातल्या मिरचीनं काही जळत नाही, जळल्याची बातमी तेवढी मेंदूला जाते. पाण्यात कॅप्सेसिन विरघळत नाही, तेव्हा तांब्या रिकामा करून फार काही होत नाही, दूध प्या. पेपरमिंटची गोळी चघळून श्वास घेतला की गार वाटतं ती पण अशीच खोटी बातमी, तिचा रिसेप्टर ह्याच दोघांच्या लॅबनं वेगवेगळं काम करून 2002 ला पकडला.

राहिला गोळीचा मुद्दा, आणि इथं दादा अर्धा बरोबर आहे. हे दार बंद करणारी औषधं बनली, माणसांवर ट्रायल पण झाल्या, पण काहींच्या अंगात ताप चढला आणि काहींना गरम वस्तूचा चटकाच नीट कळेना, म्हणजे चहानं तोंड पोळलं तरी पत्ता नाही. वेदना पूर्ण बंद करणं किती महागात पडतं ते त्यातनं कळलं. उलट्या बाजूनं मात्र काम झालंय. 8 टक्के कॅप्सेसिनचा पॅच, नागीण बरी झाल्यावर मागं राहणाऱ्या वेदनेसाठी, अमेरिकेत 2009 ला मंजूर झाला. दवाखान्यात तासभर लावतात, तिथल्या नसांची टोकं काही काळ थंडावतात, काहींना तीन महिन्यांपर्यंत आराम पडतो. ह्याचं सगळं श्रेय ज्युलियसना देत नाही, दुखण्यावर मिरचीचा लेप त्यांच्या आधीपासून होता, पण तो चालतो कसा हे त्यांच्या कामानं कळलं.

आणि दादा, तो फॉरवर्ड मामांना तेवढा पाठवू नकोस. नागीण जाऊन चार महिने झाले, अजून अंगात बनियन घालवत नाही त्यांना.