निबंधवाचनानंतरची दहा मिनिटे

माझ्याकडे पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी गेल्या आठवड्यात एका चर्चासत्रात आयुष्यातला पहिला शोधनिबंध वाचून परत आली. कसे झाले, असे विचारल्यावर तिने पिशवीतून प्रमाणपत्र काढून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "मॅडम, सात मिनिटे दिली होती, पण चौथ्या मिनिटालाच घंटा वाजली." कोणी काही विचारले का, या माझ्या प्रश्नावर ती गोंधळली. निबंधानंतर प्रश्न विचारले जातात, हे तिला त्या सभागृहात कळण्याची सोयच नव्हती. दोन वर्षे तालुक्यातली गावे पालथी घालून तिने देवस्थान इनामांच्या, म्हणजे देवळांना दिलेल्या जमिनींच्या, नोंदी जमवल्या आहेत, मोडी शिकून त्या स्वतः वाचल्या आहेत, आणि त्या कामावर एकाही जाणकाराने एकही शब्द न उच्चारता तिचा निबंध "सादर झाला" म्हणून कागदोपत्री नोंदवला गेला. त्या दिवसापासून हे लिहायचे मनात होते.

चर्चासत्राचे वेळापत्रक ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे गणित ठाऊक असेल. उद्घाटन दहाचे असते, ते अकराला सुरू होते. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, सत्कार आणि बीजभाषण होईपर्यंत दीड वाजतो. जेवणानंतर तीन वर्गांत तीन समांतर सत्रे भरतात आणि प्रत्येक सत्रात वीस निबंध असतात. सात मिनिटांच्या हिशेबाने वीस निबंधांना १४० मिनिटे लागतात, आणि चार वाजता तर समारोप ठरलेला असतो. मग कात्री कशाला लागणार? सत्काराला लागत नाही. ती निबंधाला लागते, आणि त्याही आधी प्रश्नोत्तरांना.

संयोजकांना मी दोष देत नाही, कारण मीही संयोजन केले आहे आणि त्यातली ओढाताण जवळून पाहिली आहे. मूळ दोष प्राध्यापकांच्या निवडीत आणि बढतीत मोजले जाणारे गुण निबंधवाचनाला चिकटवण्यात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांत परदेशातील आंतरराष्ट्रीय परिषदेतल्या निबंधवाचनाला ७, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ५, राष्ट्रीय परिषदेला ३ आणि राज्य किंवा विद्यापीठ पातळीवरच्या परिषदेला २ गुण ठरवलेले आहेत. हे कोष्टक डोळ्यांसमोर ठेवले की आपल्याकडची तालुक्याच्या गावातली चर्चासत्रेसुद्धा "आंतरराष्ट्रीय" का झाली, याचे कोडे सुटते. पीएच.डी.च्या २०१६च्या विनियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी दोन निबंधवाचने सक्तीची केली होती. ती अट २०२२ मध्ये निघाली, परंतु सवय निघाली नाही. निबंध कोणत्या कसोटीला उतरला हे त्या गुणांच्या रकान्यात कुठेच विचारले जात नाही; तो वाचला गेला, एवढे पुरते.

आपल्या मातीत ही परंपरा अशी नव्हती, म्हणून मला अधिक वाईट वाटते. प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन १९१९च्या नोव्हेंबरात पुण्यात भांडारकर संस्थेच्या पुढाकाराने भरले आणि त्याचे अध्यक्ष स्वतः रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पुढे भारतीय इतिहास परिषद म्हणून देशभर नावारूपाला आलेल्या परिषदेची पहिली बैठकही १९३५ मध्ये पुण्यातच, भारत इतिहास संशोधक मंडळात झाली. ते मंडळ १९१० मध्ये ज्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी उभे केले, त्यांचा सारा आग्रह अस्सल कागदावर होता. विधान करणाऱ्याने कागद दाखवावा आणि ऐकणाऱ्याने तो मागावा, या दोन गोष्टींवर आपल्याकडचे इतिहाससंशोधन उभे राहिले. शोधनिबंध चारचौघांत वाचायचा तो एवढ्याचसाठी.

प्रश्नाची किंमत मला कशी कळली, ते सांगते. अनेक वर्षांपूर्वी मी धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीच्या खोऱ्यातील फड पद्धतीवर निबंध वाचला होता. नदीवर बंधारा घालायचा, पाटाने पाणी न्यायचे, भिजणाऱ्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी पाटकऱ्याने ठरलेल्या क्रमाने द्यायचे, अशी ही गावाने सांभाळलेली, काही शतकांची जुनी व्यवस्था. नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली आणि फड मोडले, असे माझे प्रतिपादन होते, आणि ते मी मोठ्या आत्मविश्वासाने मांडले. निबंध संपल्यावर मागच्या रांगेतील एक वयस्कर गृहस्थ उठले. ते प्राध्यापक नव्हते, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले होते. त्यांनी शांतपणे एवढेच विचारले, "बाई, तुमच्या गावांत विहिरींवर विजेचे पंप कधी आले, ते पाहिलेत का?"

मी पाहिले नव्हते. मी तसे कबूल केले, आणि सत्राच्या अध्यक्षांनी मला सावरून न घेता त्या गृहस्थांना आणखी पाच मिनिटे बोलू दिले, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. ज्याच्या विहिरीला स्वतःचे पाणी आहे त्याला पाटाच्या पाळीची वाट पाहण्याचे कारण उरत नाही, मग शेजाऱ्याने लावले तेच पीक आपणही लावावे हे बंधन त्याला जाचू लागते, आणि पाट साफ करायला तो माणूस पाठवेनासा होतो, असे त्यांचे म्हणणे होते. परत गेल्यावर मी त्याच गावांत नव्याने विचारपूस केली, आणि दोन गावांतल्या म्हाताऱ्या माणसांनी पंप आधी आल्याचे सांगितले. धरणाचे कारण खोटे ठरले नाही, पण ते एकटे पुरेसे राहिले नाही, आणि माझ्या प्रबंधातील एक संपूर्ण प्रकरण मला पुन्हा लिहावे लागले. तो प्रश्न त्या दिवशी वेळेअभावी राहून गेला असता, तर ते चुकीचे प्रकरण तसेच छापले गेले असते.

म्हणून नव्या संशोधकांना माझे सांगणे असे की, निबंध पाठवण्याआधी संयोजकांना फोन करून दोनच गोष्टी विचाराव्यात: गोषवारा कोण वाचणार आहे आणि चर्चेला किती वेळ आहे. गोषवारा पाठवल्यापासून तासाभरात "स्वीकृत" असे उत्तर आणि त्यासोबत शुल्क भरण्याचा क्यूआर कोड आला, तर तो कोणी वाचलेला नाही असे समजावे. निबंध आयएसबीएन असलेल्या पुस्तकात छापू, या आश्वासनालाही भुलू नये. तो क्रमांक पुस्तकाची ओळख पटवतो, आतल्या मजकुराच्या दर्जाबद्दल काहीही सांगत नाही. गोषवाऱ्यात विषयाची थोरवी गाण्यापेक्षा आपण कोणती साधने पाहिली, त्यांतून काय हाती लागले आणि कोणते कोडे अजून सुटलेले नाही, हे लिहावे. हे शेवटचे लिहायला सगळेच घाबरतात. वास्तविक ऐकणाऱ्याला बोलते करणारी जागा तीच असते.

भाषेबद्दलही एक सांगितले पाहिजे. ज्या मुलीने सारी मुलाखत अहिराणीत घेतली आणि टिपणे मराठीत काढली, तिला केवळ परिषद "आंतरराष्ट्रीय" आहे म्हणून इंग्रजीत वाचायला लावले की ती कागदावरून मान वर करत नाही, आणि प्रश्न आलाच तर ठाऊक असलेले उत्तरही तिला देता येत नाही. मराठवाडा इतिहास परिषद, मराठी अर्थशास्त्र परिषद यांसारखी मराठीतून चालणारी अधिवेशने आपल्याकडे आहेत, आणि नव्या संशोधकाने पहिला निबंध तिथे वाचावा असे मला मनापासून वाटते. गुण कमी मिळाले तरी चालतील.

आमच्या विभागाने या वर्षी एकदिवसीय चर्चासत्र वेगळ्या रीतीने घ्यायचे ठरवले आहे. फक्त दहा निबंध स्वीकारू. प्रत्येकाला वीस मिनिटे वाचनाला आणि दहा मिनिटे प्रश्नांना, म्हणजे पाच तासांत काम संपते. समांतर सत्रे नाहीत, सत्कार नाहीत, उद्घाटन पंधरा मिनिटांचे. प्रत्येक गोषवारा दोघेजण वाचतील आणि नाकारलेल्या गोषवाऱ्यालाही निदान अर्धे पान टिपण जाईल. पूर्ण निबंध पंधरा दिवस आधी एका भाष्यकाराच्या हाती असेल, आणि पहिला प्रश्न त्यानेच विचारायचा आहे. विषय उत्तर महाराष्ट्रातील ग्रामव्यवस्था असा आहे. भाष्यकार म्हणून शिक्षकांइतकेच निवृत्त तलाठी, पाटबंधारे आणि भूमी अभिलेख खात्यांतील जुने कर्मचारी आम्हाला हवे आहेत. आपल्या ओळखीत असे कोणी असेल, तर कृपया त्यांना विचारून मला संदेश पाठवा.