‘पलंगाखालून ओढा, उपाशी ठेवा’: घाबरलेल्या मांजराबद्दलचा तो मेसेज ऐकू नका

नवीन मांजर घरी आणलेल्यांना कोणी ना कोणी एक मेसेज पाठवतंच. त्याचा सारांश असा: मांजर पलंगाखाली जाऊन बसलं तर राहू देऊ नका, भीती पक्की होते. बाहेर काढून मांडीवर धरून ठेवा, दहा मिनिटांत शांत होतं. येत नसेल तर मानेची कातडी धरून उचला, आईही पिल्लांना तसंच उचलते. एक-दोन दिवस खायला देऊ नका, भुकेने आपसूक जवळ येईल. पहिल्या दिवसापासून सगळं घर मोकळं ठेवा. हे सगळं करूनही तीन दिवसांत रुळलं नाही, तर ते माणसाळणारं नाही. परत देऊन टाका.

मेसेज पटकन पटतो, कारण त्यातल्या काही गोष्टी डोळ्यांना खऱ्या दिसतात. दाबून धरलेलं मांजर खरोखरच हलायचं थांबतं. गडबड होते ती त्याचा अर्थ लावताना.

‘लपू दिलं तर भीती पक्की होते’

उलट आहे. लपायला जागा मिळाली की मांजराची भीती लवकर उतरते. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निवाऱ्यात नुकतीच आलेली १९ मांजरं होती. १० जणांना लपायला खोका दिला, ९ जणांना दिला नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खोकेवाल्या मांजरांचा ताण बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी होता. संख्या लहान आहे, मान्य. पण मेसेजमधल्या दाव्याला तेवढाही आधार नाही.

पलंगाखालची जागा वाईट, हे मात्र खरं. कारण वेगळं आहे. तिथे गेलेलं मांजर तुम्हाला नीट दिसत नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी येतंय का, श्वास कसा चाललाय, काही कळत नाही, आणि औषधासाठी काढायची वेळ आली तर ओढाताण अटळ. म्हणून मांजर येण्याआधीच पलंग, सोफा, कपाट आणि वॉशिंग मशीन यांच्या खालच्या-मागच्या फटी बंद करून टाका आणि बदल्यात चांगल्या जागा द्या. साधारण ४० सेंमी लांब-रुंद पुठ्ठ्याचा खोका भिंतीला टेकवून ठेवला की काम होतं. मांजराला आत वळून बसता आलं पाहिजे. खोक्याला समोरासमोर नको, कोपऱ्यात अशी दोन दारं कापा, म्हणजे आत कोंडल्यासारखं होत नाही आणि आरपार उघडंही पडत नाही. एखादी जागा उंचावर असू द्या. ज्या कॅरियरमधून मांजर आलं तो दार उघडं ठेवून, वर चादर टाकून तिथेच राहू द्या. आतलं फडकं लगेच धुवायला टाकू नका. त्या खोलीत ओळखीचा वास येणारी तेवढी एकच वस्तू असते.

मांजर आधीच पलंगाखाली गेलं असेल तर काढू नका. खोका पलंगाच्या कडेला लावून ठेवा, खाणं खोक्याच्या तोंडाशी. ते खोका वापरायला लागलं, की एके दिवशी ते बाहेर असल्याची खात्री करून फट बंद करा.

‘मांडीवर धरून ठेवलं की शांत होतं’

गोठतं. पळता येत नाही, प्रतिकार करता येत नाही, तेव्हा उरतं ते निपचित पडणं. फरक ओळखणं अवघड नाही. घाबरून गोठलेल्या मांजराच्या बाहुल्या उजेडातही मोठ्या असतात, कान आडवे झालेले, शेपूट अंगाला घट्ट, श्वास भरभर, पाय पोटाखाली पण स्नायू ताठ. डोळे मिटलेले असले तरी कान आवाजाच्या दिशेने फिरत असतात. निवांत मांजर कुशीवर सैल पडतं, अंग चाटतं, ताणून आळस देतं. घुरघुरीवर फार विसंबू नका; दुखत असताना आणि भीतीतही काही मांजरं घुरघुरतात.

अशा पकडापकडीतून मांजर एवढंच शिकतं की हे हात आले की सुटका नाही. पुढच्या वेळी ते लवकर पळतं, त्यापुढच्या वेळी चावतं. मांजराचा चावा बाहेरून बारीक दिसतो, पण दात खोल जातात आणि लाळेतले जंतू आत राहतात. हातावरचा चावा काही तासांत सुजू शकतो. साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीजच्या लशीबद्दल तेच ठरवतील.

मानेची कातडी धरण्याबद्दल थोडक्यात. आई पिल्लांना असं उचलते ते पहिले काही आठवडे, आणि तेव्हा पिल्लाचं वजन काहीशे ग्रॅम असतं. चार किलोचं मांजर तसं लोंबकळवलं की त्याला दुखतं. मांजरांच्या पशुवैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनीही या पकडीला विरोध केला आहे. अगदी निकड असेल, तर जाड टॉवेल वरून टाका, मांजर त्यात चहूबाजूंनी गुंडाळा आणि मागचे पाय आधी अशा बेताने कॅरियरमध्ये ठेवा.

‘उपाशी ठेवा, भुकेने येईल’

सगळ्या मेसेजमध्ये जीवावर बेतणारी ओळ ही. घाबरलेल्या मांजराची भूकच मरते, त्यामुळे वाटी हलवली म्हणून ते शहाण्यासारखं जवळ येत नाही. ते नुसतं उपाशी राहतं. मांजराच्या पोटात काही गेलं नाही की शरीर साठवलेली चरबी यकृताकडे पाठवायला लागतं आणि ती हाताळणं यकृताला जमत नाही. दोन-तीन दिवसांचा उपासही यकृताच्या गंभीर आजाराची सुरुवात ठरू शकतो, आणि गुबगुबीत मांजरांना धोका जास्त. म्हणजे ‘जरा अंगावर आहे, उपास सोसेल’ हा हिशोब नेमका उलटा पडतो.

पहिली रात्र न खाणं नेहमीचं आहे. २४ तासांत एक घासही गेला नाही तर पशुवैद्यांना फोन करा. ४८ तासांची वाट पाहू नका, घेऊन जा. पिल्लू असेल तर अर्धा दिवसही पुष्कळ झाला. अंदाजाने चालू नका. रात्री खाणं वजन करून ठेवा आणि सकाळी उरलेलं पुन्हा मोजा, कारण बरीच मांजरं घर झोपल्यावरच खातात. लिटरमधले, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालतात त्या वाळूसारख्या दाण्यांतले, लघवीचे गोळेही मोजा. बोका सारखा ट्रेमध्ये बसून जोर लावतोय आणि काहीच होत नाहीये, असं दिसलं तर ती भीती समजू नका. लघवी अडकलेली असू शकते. त्याच तासाला दवाखाना गाठा.

खाण्याचा उपयोग मांजर जवळ आणायला होतोच, फक्त तो असा. आधीच्या ठिकाणी जे खात होतं तेच सुरुवातीला द्या. पहिले दिवस वाटी लपण्याच्या जागेपाशी ठेवून निघून जा. मग वाटी ठेवून दोन मीटरवर जमिनीवर बसा, मांजराकडे कूस करून, टक लावून न बघता. दिवसातून तीन-चार वेळा, दहा-पंधरा मिनिटं. त्या अंतरावर ते सलग दोनदा नीट खाल्लं की वाटी १५ सेंमी आपल्याकडे सरकवा. खायचं थांबलं, तर घाई झाली. मागच्या अंतरावर परत जा. इथे बहुतेक जण चुकतात: मांजर वाटीपाशी आलं की हात पुढे करतात, आणि आठवडाभराचं काम एका क्षणात पुसलं जातं. हाताआधी लांब दांड्याचा चमचा वापरा, त्यावर पातळ, ओलं खाणं. ते चमच्यावरून सहज चाटायला लागलं, की नाकाच्या उंचीवर एक बोट स्थिर धरा. मांजराने स्वतः गाल घासला तर गालावर किंवा हनुवटीखाली दोन-तीन सेकंद खाजवा आणि हात मागे घ्या. पुन्हा डोकं पुढे आलं तरच पुन्हा. पोट आणि शेपटीचं मूळ सध्या विसरा.

नजर गेलीच तर डोळे हळूच अर्धवट मिटा आणि उघडा. ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या २०२० च्या अभ्यासात असं केल्यावर मांजरांनीही डोळे बारीक केले, आणि अनोळखी माणसाच्या हाताजवळही ती जास्त आली. फुकटचा उपाय आहे.

‘सगळं घर मोकळं ठेवा’

एक खोली पुरे, खिडक्या पक्क्या बंद. लिटर ट्रे एका कोपऱ्यात, खाणं त्यापासून शक्य तितकं लांब, पाणी खाण्यापासूनही थोडं वेगळं. ट्रे मांजराच्या अंगाच्या दीडपट लांब, त्यात ३ ते ५ सेंमी बिनवासाचं लिटर, शक्यतो आधीच्याच प्रकारचं. लपण्याच्या जागेतून ट्रेकडे जाताना भर खोली ओलांडावी लागत असेल, तर घाबरलेलं मांजर तिथवर जात नाही आणि चादरीवर करतं. लोक त्याला खोड म्हणतात. ट्रे दोन हात सरकवला की बरेचदा ती खोड जाते. घरात आधीचं मांजर असेल तर दार बंदच. पहिले दोन आठवडे फक्त फडक्यांची, म्हणजे वासाची, देवाणघेवाण.

‘तीन दिवसांत रुळलं नाही तर नाहीच’

तीन दिवसांत बरीच मांजरं धड झोपलेलीही नसतात. काही आठवड्यांत रुळतात, काहींना महिने लागतात. पिल्लाचा दुसरा ते सातवा आठवडा हा माणसाशी ओळख होण्याचा मुख्य काळ. त्या दिवसांत माणसाचा हात न लागलेल्या मांजराला पुढे जास्तच वेळ लागतो आणि त्यातली काही मांडीवर कधीच येत नाहीत, पण त्याच खोलीत निवांत राहतात. बघायचं ते हे: रात्री खायचं ते आता दिवसाही खातं का, तुम्ही असताना अंग चाटतं का, फिस्कारण्याचं अंतर कमी झालं का. दोन-तीन आठवड्यांत यातलं काहीच हललं नाही, तर पशुवैद्यांकडून तपासून घ्या. दुखणं असेल तर मांजर भित्रंच दिसतं. गरज पडली तर भीती कमी करायची औषधंही तेच देतात.

मेसेजच्या काही आवृत्त्यांत शेवटी ‘शांत करायला सुगंधी तेल लावा’ असंही असतं. लावू नका. असली तेलं आणि पॅरासिटामॉलसारखी औषधं पचवून बाहेर टाकणारी यकृतातली एक प्रक्रिया मांजरात फार दुबळी असते. अंगावर लावलेलं तेल ते चाटून पोटात घेतं, आणि पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते.