बँक वाचली, पण कुणासाठी?

विलीनीकरणामुळे बँक वाचली म्हणजे नोकऱ्याही वाचल्या, असं बँकांच्या विलीनीकरणावरच्या एका लेखात म्हटलंय. मला हे पटत नाही. २५ सप्टेंबर २००८ला अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलची वॉशिंग्टन म्युच्युअल ही बँक बुडाली आणि जेपी मॉर्गन चेस या दुसऱ्या बँकेने ती १.९ अब्ज डॉलरला घेतली. ठेवीदारांचे पैसे सुरक्षित राहिले, हे मोठंच काम झालं. पण त्याच डिसेंबरात बुडालेल्या बँकेतल्या ९,२०० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली. त्यातल्या ३,४०० एकट्या सिअ‍ॅटलमधल्या!

काउंटरवरचा कॅशिअर बहुतेक वेळा टिकतो, कारण शाखा चालवायची असते. गदा येते ती मुख्यालयावर. हिशेब, एचआर, कायदा, जाहिरात ही खाती दोन-दोन कशाला ठेवायची? वीस वर्षं कर्जाच्या फायली तपासणारा माणूस एका सकाळी ऐकतो की ते काम आता दुसऱ्या शहरातून होणार. आणि मंदीत तो जाणार कुठे? इतर बँकांचीही भरती बंदच असते. मुख्यालयाच्या जिवावर चालणारे छापखाने, कॅन्टीन, सफाईचे कंत्राटदार यांचं काम जातं, ते तर गेलेल्या नोकऱ्यांच्या आकड्यात धरलेलंही नसतं. विलीनीकरणाला परवानगी देताना त्यांचाही विचार व्हायला हवा.